रांधणाऱ्याने जेवायला कधी बसायचे?



गेल्या काही वर्षांत आपल्या पुण्यातल्या घरांत एक नवा पदार्थ रुळला आहे. नळीसारखा पास्ता, टोमॅटोचा दाट रस्सा, थोडा खिमा किंवा भाज्या, पांढरा सॉस आणि वर भरपूर चीज. हे सगळे एका खोल भांड्यात भरायचे आणि ओव्हनमध्ये वरचा थर तांबूस होईपर्यंत भाजायचे. मुले त्याला ‘बेक्ड पास्ता’ म्हणतात आणि आठवड्यातून एकदा तरी आईच्या मागे लागतात. चीजचा पास्ता हा काय चिंतनाचा विषय झाला, असे काहींना वाटेल. परंतु या साध्या पदार्थामुळे आपल्या घरातला एक जुना नैतिक प्रश्न पुन्हा समोर येतो. तो प्रश्न असा, की जो रांधतो, त्याने जेवायला कधी बसायचे?

आधी आपली नेहमीची बुधवारची रात्र डोळ्यांपुढे आणू या. घरधनी हडपसरहून किंवा चाकणहून वाहनांच्या गर्दीतून वाट काढीत साडेआठला पोहोचतो. मुलांचा क्लास नुकताच सुटलेला असतो. घरची माऊलीही बहुतेक वेळा नोकरीवरूनच आलेली असते. भाजी-आमटी तयार असते आणि तवा तापलेला असतो. “बसा, गरम गरम वाढते,” असे ती म्हणते. मग एकेक चपाती तव्यावरून ताटात पडते. मुलगा दोन खातो, वडील तीन खातात, आजोबांना मऊ हवी असते. शेवटची चपाती भाजून गॅस बंद होतो तेव्हा बाकीच्यांचे हात धुऊन झालेले असतात. ती एकटी ओट्याशी किंवा दूरदर्शनसमोर बसून गार झालेल्या आमटीबरोबर जेवते. यात कोणी दुष्ट नसते. सगळ्यांचे एकमेकांवर प्रेम असते. तरीही त्या घरात रोज एक माणूस एकटे जेवते, आणि ते माणूस रोज तेच असते.

आपल्या भाषेत या कामाला एक नेमके नाव आहे : रांधा, वाढा, उष्टी काढा. या तीन शब्दांत बाईच्या आयुष्याचा हिशेब आपल्या पूर्वजांनी मांडून ठेवला. आकड्यांतही तो दिसतो. केंद्र सरकारने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरचे बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रियांचा त्या कामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, म्हणजे जवळजवळ पाच तास जात होता. असे काम करणाऱ्या पुरुषांचा वेळ ९७ मिनिटे होता. शिवाय मुळात असे काम करणाऱ्या स्त्रिया शंभरात ८१ होत्या आणि पुरुष शंभरात केवळ २६. म्हणजे चार पुरुषांतील तिघे त्या दिवशी या कामाच्या वाटेलाही गेले नव्हते.

‘जेवायला कोणाबरोबर बसायचे’ हा प्रश्न आपल्या शहराने एकेकाळी फार गांभीर्याने घेतला होता. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानासाठी शहरातील नामवंत मंडळी जमली होती. हे मिशन अँग्लिकन पंथाचे. पाहुण्यांपुढे चहा आणि बिस्किटे ठेवण्यात आली. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक त्या मंडळींत होते. कोणी चहा घेतला, कोणी कपाला नुसता हात लावला. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे ‘पुणे वैभव’ या पत्रात छापून आणली. मग ग्रामण्य उभे राहिले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि १८९२ साली रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. एका कपभर चहाने पुणे दोन वर्षे ढवळून निघाले.

आज तसे प्रायश्चित्त कोणी मागत नाही. तो प्रश्न समाजातून पूर्ण सुटला असे मी म्हणणार नाही, पण आपण बरेच पुढे आलो. मात्र त्या साऱ्या वादात चर्चा होती ती चहा कोणाच्या घरचा आणि तो कोणी घेतला याची. तो चहा करणाऱ्याने स्वतः केव्हा घेतला, हा प्रश्न वादाचा विषयच नव्हता. पंक्तीत कोणाला घ्यायचे हे आपण उंबरठ्यावर उभे राहून ठरवत आलो. स्वयंपाकघरात कोण उभे आहे याकडे आपली पाठ होती.

येथे तत्त्वज्ञानाची थोडी मदत घेऊ. ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रात मैत्रीवर दोन पूर्ण प्रकरणे लिहिली. त्यात तो एका जुन्या म्हणीचा आधार घेतो : बरोबर पुष्कळ मीठ खाल्ल्याशिवाय माणसे एकमेकांना ओळखत नाहीत. पुढे तो आणखी महत्त्वाची गोष्ट सांगतो. गुरे एकाच कुरणात चरतात, पण ते काही सहजीवन नव्हे. माणसांच्या बाबतीत एकत्र राहणे म्हणजे बोलण्यात आणि विचारात एकमेकांचे वाटेकरी होणे. या कसोटीवर आपले रोजचे जेवण तपासून पाहा. ताटे एकाच खोलीत असतात, अन्न एकाच चुलीवरचे असते. पण जी व्यक्ती तव्याशी उभी आहे तिच्या वाट्याला कोणते बोलणे येते? “अजून अर्धी दे,” “मीठ कमी आहे,” “पाणी आण.” मुलाने शाळेत काय झाले ते सांगितले तेव्हा ती चपाती उलटत होती. तिने ते अर्धेच ऐकले.

जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट याने १७८५ साली मांडलेला नियम तर प्रसिद्धच आहे : कोणत्याही माणसाला केवळ साधन म्हणून वागवू नये. यातला ‘केवळ’ हा शब्द महत्त्वाचा. आपण सगळेच एकमेकांची साधने असतो. बसचालक मला पोहोचवतो, शिंपी माझे कपडे शिवतो. त्यात गैर काही नाही. आई आपल्याला जेवू घालते त्यातही गैर नाही. पण जेवणाच्या त्या अर्ध्या तासात ती फक्त चपात्या पुरवणारी उरते आणि त्या घरातली जेवणारी, बोलणारी, हसणारी व्यक्ती राहत नाही, तेव्हा तो ‘केवळ’ आपल्या घरात शिरलेला असतो.

आता पास्त्याकडे येऊ. हा पदार्थ वरवर परका दिसतो, पण तो आपल्या शेवयांचाच दूरचा नातलग आहे. चांगला पास्ता ज्या कठीण गव्हाच्या रव्यापासून करतात, त्याच जातीतला बन्सी गहू आपल्याकडे पूर्वीपासून पेरला जातो आणि रव्या-शेवयांसाठी वापरला जातो. नगर जिल्ह्यातून पुण्यात आलेल्या आपल्यातील अनेक कुटुंबांना उन्हाळ्यात अंगणात चालणारे शेवयांचे काम आठवत असेल. ओव्हनही आपल्याला अगदी अनोळखी नाही. घरोघरी ओव्हन नव्हते तेव्हा नाताळाच्या आधी केकचे आणि बिस्किटांचे डबे कॅम्पातल्या बेकरीच्या भट्टीवर नेले जात. सणाची ती भट्टी आता लहान होऊन ओट्यावर आली आहे आणि बुधवारीही पेटते, एवढेच.

पाच जणांसाठी साधारण ४०० ग्रॅम पास्ता पुरतो. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी उकळून, त्यात मीठ घालून तो शिजवावा, पण पाकिटावर लिहिलेल्या वेळेच्या दोन-तीन मिनिटे आधीच उतरवावा. उरलेले शिजणे ओव्हनमध्ये रस्सा शोषून होते. आधीच पुरा शिजवला तर लगदा होतो. दोन कांदे, आठ-दहा लसूण पाकळ्या आणि किलोभर टोमॅटो यांचा रस्सा आटवावा. त्यात पाव किलो खिमा घालावा, किंवा शुक्रवार असेल तर मटार आणि ढोबळी मिरची. ४० ग्रॅम लोण्यावर तेवढाच मैदा मंद आचेवर परतून, अर्धा लिटर दूध थोडे थोडे घालत ढवळले की पांढरा सॉस होतो. हे सगळे पास्त्याबरोबर भांड्यात भरून वर २०० ग्रॅम चीज किसून घालावे. २०० अंश सेल्सिअसवर २० ते २५ मिनिटे. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत तिवई ठेवून त्यावर भांडे ठेवावे, झाकण घालावे आणि मंद आचेवर अर्धा तास ठेवावे. वरचा थर खरपूस होणार नाही, पण चीज वितळते आणि चव जमते.

ही कृती देण्याचे कारण तिच्या शेवटच्या अर्ध्या तासात आहे. चपातीला शेवटच्या क्षणापर्यंत माणूस लागतो. ओव्हनला लागत नाही. भांडे आत गेले की रांधणाऱ्याचे हात मोकळे होतात. शिवाय हा पदार्थ एकेकाला वाढताच येत नाही. तो एका भांड्यात, एका वेळी, सगळ्यांसाठी तयार होतो. आणि बाहेर काढल्यावर त्याला दहा मिनिटे तसेच ठेवावे लागते, नाहीतर रस्सा पाण्यासारखा वाहतो आणि जीभही भाजते. म्हणजे दहा मिनिटे सगळ्यांना थांबावे लागते. त्या दहा मिनिटांत ताटे मांडून होतात, काकडी चिरून होते, जेवणापूर्वीची प्रार्थना होते आणि जिने हे केले तीही खुर्चीवर येऊन बसते. पदार्थाची घडणच अशी आहे की रांधणारा आणि खाणारा एकाच वेळी जेवू शकतात.

यावर काही आक्षेप येतील आणि ते हलके नाहीत.

पहिला आक्षेप आपल्या घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रियांचाच असेल. “फादर, गरम वाढण्यात मला आनंद आहे. माझी माणसे पोटभर जेवली की माझे पोट भरते. त्यात अन्याय शोधू नका.” या शब्दांमागे मोठे प्रेम आहे आणि त्याची चेष्टा कोणी करू नये. पण प्रेमाने दिलेल्या गोष्टीत न देण्याचीही मोकळीक असते. एखाद्या दिवशी तीच सर्वांत आधी बसली तर घरात कोणाच्या कपाळाला आठी पडेल का? पडत नसेल तर ते प्रेम आहे. पडत असेल तर ती तिला लावलेली ड्यूटी आहे, आणि तिने तिचा गोडवा करून घेतला आहे. दुसरे असे, की वाढण्यात एवढा आनंद असेल, तर तो एकटीनेच का घ्यावा? मुलांनाही त्यात वाटा मिळू द्या. ज्याने कधी कोणाला गरम चपाती वाढली नाही तो त्या आनंदाला मुकला आहे, आणि जिला कधी कोणी वाढले नाही ती दुसऱ्या एका आनंदाला मुकली आहे.

दुसरा आक्षेप खर्चाचा आणि तब्येतीचा. चीज स्वस्त नाही आणि रोज खाण्याजोगेही नाही. हे खरेच आहे. म्हणूनच पास्त्याचा आग्रह मी धरत नाही. मुगाची खिचडी, पुलाव, आदल्या दिवशी करून ठेवलेले मटण, आधीच भाजून दुरडीत झाकून ठेवलेल्या भाकऱ्या, हे सगळे तेच काम करतात. सगळ्यांना गरम चपाती मिळून एकाला गार जेवण मिळण्यापेक्षा, सगळ्यांना कोमट भाकरी मिळून सगळे एकदम जेवणे हे अधिक न्यायाचे आहे. तरी पास्त्याचा एक फायदा खिचडीला नाही. नव्या पदार्थामागे रूढी नसते. चपाती लाटणे हे मुलीचे काम असे पिढ्यान्‌पिढ्या ठरून गेले आहे. पास्ता कोणाचे काम हे अजून कोणी ठरवलेले नाही. चौदा वर्षांचा मुलगा चपाती लाटायला लाजतो, पण सॉस ढवळायला आणि चीज किसायला तो स्वतःहून पुढे येतो. ही संधी घरांनी वाया घालवू नये.

तिसरा आक्षेप सर्वांत खोल आहे. एखादे यंत्र किंवा पदार्थ माणसाचे मन बदलू शकतो का? मिक्सर आला, कुकर आला, गॅस आला. पाटा-वरवंट्याचे कष्ट गेले, पण काम कोणाचे हे बदलले नाही. २०२४ साली तीच सरकारी पाहणी पुन्हा झाली. तिच्यात स्त्रियांची २९९ मिनिटे २८९ झाली, म्हणजे पाच वर्षांत दहा मिनिटे कमी. ओव्हनचेही तसेच होऊ शकते. ‘रांधा, वाढा, उष्टी काढा’ यांतले फक्त मधले ‘वाढा’ ओव्हनमुळे सुटते. ‘रांधा’ तसेच राहते. ‘उष्टी काढा’ तर उलट वाढते, कारण भांड्याच्या कडेला करपून चिकटलेले चीज घासून काढणे हे चार ताटे धुण्यापेक्षा जड काम आहे. ते भांडे गरम पाण्यात भिजत ठेवून रात्री दहा वाजता कोण घासतो, यावरून त्या घराने पास्त्यातून काय घेतले ते कळते. सगळे एकत्र बसले, हसले, बोलले आणि मग सगळे उठून गेले व ती भांड्यांशी उभी राहिली, तर तिचे एकटेपण आपण फक्त नऊवरून दहावर ढकलले.

याच्या उलट दुसरा मार्गही आजकाल सोपा झाला आहे. मोबाईलवरून जेवण मागवायचे. रांधायला नको, वाढायला नको, डबे कचऱ्यात टाकले की झाले. थकलेल्या दिवशी त्यात वाईट काही नाही. पण नेहमीच तसे झाले तर मुलाचा बर्गर त्याच्या खोलीत जातो, मुलीचे नूडल्स तिच्या खोलीत, आणि आईवडील दूरदर्शनसमोर. सगळे मोकळे झाले, पण बरोबर कोणीच बसले नाही. एका भांड्यातल्या पदार्थाची गोष्ट वेगळी असते. त्याला चार कोपरे असतात, कोपऱ्यावरचा खरपूस भाग सगळ्यांना हवा असतो आणि घरात माणसे पाच असतात. मग वाटणी करावी लागते, आळीपाळी ठरवावी लागते, धाकट्याने कापायचे आणि मोठ्याने आधी उचलायचे असे नियम करावे लागतात. न्याय म्हणजे काय, हे मुले पुस्तकाआधी अशा भांड्यावर शिकतात.

हा प्रश्न पहिल्या ख्रिस्ती मंडळींनाही चुकला नव्हता. करिंथ येथील मंडळी प्रभूभोजनासाठी जमत तेव्हा काहीजण आधीच जेवून घेत आणि उशिरा येणारे उपाशी राहत. संत पौलाने आपल्या पहिल्या पत्रात त्यांना कडक शब्दांत सुनावले आणि शेवटी अगदी साधा उपाय सांगितला : जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा. मार्था आणि मरियेची कथा तर आपण दरवर्षी ऐकतो. कामात गुंतलेल्या मार्थेला बोल लागला, एवढेच आपण लक्षात ठेवतो. पण त्या घरात आणखी चार हात मदतीला गेले असते तर दोघी बहिणी प्रभूच्या पायाशी बसू शकल्या असत्या, हा विचार क्वचितच मनात येतो. आणि पुनरुत्थित प्रभूने तिबिर्याच्या किनाऱ्यावर काय केले? रात्रभर जाळी टाकून दमलेल्या शिष्यांसाठी त्याने निखाऱ्यांवर मासळी आणि भाकर तयार ठेवली आणि त्यांना न्याहारीला बोलावले. स्वयंपाक हे हलके काम आहे असे मानणाऱ्या पुरुषांनी योहानाच्या शुभवर्तमानाचा एकविसावा अध्याय एकदा सावकाश वाचावा.

आम्ही धर्मगुरू घराच्या आशीर्वादासाठी किंवा आजाऱ्याच्या भेटीसाठी येतो तेव्हाही हेच दृश्य दिसते. “फादरांना आधी वाढा,” असे म्हणत घरची माऊली दाराशी उभी राहते. ते मायेपोटी होते, हे आम्ही जाणतो. पण यापुढे फादर आले तर एक ताट जास्त मांडा आणि तुम्हीही बसा. पाहुण्याचा मान त्याने कमी होत नाही.

येत्या आठवड्यात आपल्या घरी एक रात्र ठरवून पाहा. पदार्थ पास्ता असो की खिचडी. नियम तीनच ठेवा. भांडे मेजावर किंवा चटईवर मधोमध ठेवायचे. ज्याने रांधले तो बसल्याशिवाय कोणी पहिला घास घ्यायचा नाही. आणि ज्याने रांधले त्याने त्या रात्री एकही भांडे घासायचे नाही. सुरुवातीला थोडे अवघडल्यासारखे होईल. ती दोनदा उठू पाहील, काहीतरी आणायला म्हणून. तेव्हा दुसऱ्या कोणीतरी उठावे आणि तिला बसू द्यावे. मग मुलाने शाळेतली गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगावी.

प्रभूचा आशीर्वाद आपल्या घरांवर आणि आपल्या अन्नावर असो.

आपला,
धर्मगुरू